माणूस वाचला, मग हिशोब कशाला?

"आगं, माणूस वाचवून दिलाय त्यांनी. आता पैशावरनं कशाला तोंड वाजवायचं?" मामी हे अगदी हळू म्हणाली, काउंटरमागच्या मुलाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, आणि माझ्या हातातलं बिल घेऊन त्याची घडी घालायला लागली. मिरजेतल्या त्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर सकाळपासून गर्दी होती. फिनेलचा वास, कँटीनमधून येणारा तळणीचा वास, मागच्या बाकावर कानडीत फोनवर बोलणारा कुणी, आणि आमच्यापुढे हातात फाइल धरून उभे असलेले चार-पाच नातेवाईक. वरच्या मजल्यावर मामा कपडे बदलून, चपला घालून, खाटेच्या कडेला बसले होते. घरी जायची घाई त्यांच्यापेक्षा मामीलाच जास्त झाली होती. मी तिच्या हातातून कागद परत घेतला, पण तिचं ते वाक्य मात्र मनातून गेलं नाही. कितीतरी दिवस झाले, भाजी चिरताना, बसमध्ये, रात्री झोप येत नसताना ते आठवतं. कारण ते खोटं नव्हतं. माणूस खरंच वाचवला होता त्यांनी.

मामा तासगाव तालुक्यातले द्राक्षबागायतदार. ऑक्टोबरची छाटणी चालू असताना रात्री जेवणानंतर छातीत कळ आली, घाम फुटला, डावा हात जड झाला. मामेभावानं शेजाऱ्याची गाडी काढली आणि आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जे म्हणतात तेच म्हणाला, "मिरजेला नेऊया." मोठं दुखणं म्हटलं की मिरज, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डॉ. वान्लेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून सांगली, सोलापूर, बेळगाव, विजापूरकडची माणसं आजार घेऊन या गावात उतरतात. मी सांगलीहून पोचले तेव्हा मामांना कॅज्युअल्टीत घेतलं होतं, ईसीजी निघाला होता आणि काउंटरवर मामेभाऊ डिपॉझिटचे पन्नास हजार जमवायला एकेकाला फोन लावत होता. पैसे भरल्याची पावती दाखवल्यावर कॅथलॅबचं, म्हणजे हृदयाच्या नळ्या तपासून उघडायच्या खोलीचं, दार उघडलं. मधली वीस-पंचवीस मिनिटं कशी गेली ते सांगता येणार नाही. काचेतून मामांचे पाय तेवढे दिसत होते, टाचेच्या भेगांत अजून बागेतली माती होती.

तातडीच्या रुग्णाला पैशासाठी थांबवता येत नाही, हे या देशात 1989 पासून ठरलेलं आहे. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे. त्या खटल्याच्या मुळाशी एक स्कूटरवाला होता. अपघातानंतर त्याला जवळच्या हॉस्पिटलनं पोलिस केस म्हणून घेतलं नाही, दूरच्या हॉस्पिटलकडे पाठवलं, आणि तो वाटेतच गेला. मला हे त्या रात्रीही माहीत होतं. पण कॅथलॅबच्या दारात उभं राहून न्यायालयाचं नाव घ्यायचं बळ कुणात असतं? माहीत असणं आणि त्या क्षणी तोंडातून शब्द फुटणं यात फार अंतर आहे. 2025 च्या एप्रिलमध्ये पुण्यात एका गरोदर बाईकडे मोठ्या धर्मादाय रुग्णालयानं दहा लाखांचं डिपॉझिट मागितल्याचा आरोप झाला, ती बाई बाळंतपणानंतर गेली होती, तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. त्या बातम्या वाचताना मला कागदपत्रांपेक्षा तिच्या नवऱ्याचाच विचार जास्त येत होता. तो काउंटरसमोर उभा राहून कुणाकुणाला फोन लावत असेल.

मामांना एक स्टेंट बसला, हृदयाची नळी उघडी ठेवणारी बारीक जाळी. पहाटे डॉक्टर बाहेर आले, तरुण, डोळे तांबारलेले, मास्क गळ्यात. "वेळेत आणलंत," एवढंच म्हणाले. मामीनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला, ते संकोचून मागे सरकले. त्या माणसाबद्दल माझ्या मनात आजही फक्त आदर आहे. रात्री दोन वाजता कुणाच्या तरी हृदयाच्या नळीत तार घालणाऱ्या माणसाचे हात स्थिर असावे लागतात आणि त्यांचे होते. हे सगळं मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढचं वाचून कुणाला वाटू नये की मी डॉक्टरांच्या विरुद्ध काही लिहायला बसलेय.

डिस्चार्जच्या दिवशी जे बिल हातात आलं ते एका पानाचं होतं. रूम, कन्सल्टेशन, प्रोसिजर, फार्मसी, कन्झ्युमेबल्स म्हणजे सुया-हातमोज्यांसारख्या वापरून टाकायच्या वस्तू, आणि शेवटी "इतर". एकूण 2 लाख 41 हजार. पहिल्या दिवशी तोंडी सांगितलेल्या पॅकेजपेक्षा साठ हजारांनी जास्त. "इतर"पुढे 11,400 लिहिले होते. हे इतर म्हणजे काय, असं मी विचारलं. मुलगा म्हणाला, "सिस्टिममधून असंच येतं, मॅडम." मी म्हटलं, मला प्रत्येक गोष्टीची वेगळी नोंद असलेलं बिल पाहिजे. तो म्हणाला, त्याला वेळ लागेल, पेशंटला मग संध्याकाळी सोडता येईल, आणि बारानंतर रूमचा आणखी एक दिवस लागेल. मामीनं माझ्या हातातलं बिल काढून घेतलं ते इथं.

मामांची मला कमाल वाटते ती वेगळ्याच कारणानं. बेदाण्याच्या सौद्याला तासगावला गेले की हा माणूस अडत्याच्या पट्टीतला एक रुपया सोडत नाही. तोलाई किती, हमाली किती, तूट कशाची धरली, पेटीमागे वजन किती कापलं, सगळं पेन्सिलीनं खुणा करून बघतात. सौद्यात व्यापारी मूठ-मूठ बेदाणा उधळून माल पाहतात, ती उधळण शेतकऱ्याच्या अंगावर पडते म्हणून बाजार समितीत भांडणं झाली, तेव्हा मामा पुढच्या रांगेत होते. ज्या व्यापाऱ्याशी सकाळी कडाकडा भांडले त्याच्याच दुकानात दुपारी चहा प्यायले. हिशोब विचारला म्हणून संबंध तुटत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. तोच माणूस खाटेवर बसून निरोप पाठवतो, "भरून टाक म्हणावं, लई चिकाटी करू नगा." दिवाळीच्या तोंडावर भाव चढेल म्हणून कोल्ड स्टोरेजला ठेवलेला बेदाणा त्यांनी त्याच आठवड्यात मिळेल त्या दरानं विकायला काढला होता.

भीतीचाही भाग आहे यात, नुसत्या उपकाराचा नाही. मामी नंतर रिक्षात म्हणाली, "उद्या परत तिथंच जायचंय की गं. मनात धरलं त्यांनी, तर?" बायपास, शुगर, किडनी, म्हातारपणी काय काय पुढं वाढून ठेवलंय कुणास ठाऊक, आणि ज्याच्या हातात आपला जीव द्यायचा त्याच्याशी वाकडं कसं घ्यायचं. अडत्या नडला तर दुसरा अडत्या गाठता येतो. मध्यरात्री छातीत कळ आली की जो दवाखाना जवळ तो आपला.

मी लहान असताना आजोळी एक डॉक्टर होते. त्यांच्याकडे कसलं बिलच नसायचं. बाटलीत लालसर औषध, बाटलीवर खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवलेली, एका वेळी एक खाच. कंपाउंडर वहीत नाव लिहायचा आणि आजोबा द्राक्षाच्या हंगामात जमेल ते द्यायचे, वर एक पेटी. त्या काळाबद्दल लोक गहिवरून बोलतात. मला तसं वाटत नाही. डॉक्टर भले होते म्हणून निभावलं, एवढंच. ते भले नसते तर आजोबांकडे दाद मागायला कुठलीच जागा नव्हती. माझ्या आजीची एक बहीण त्याच गावात बाळंतपणात गेली, आणि काय झालं हे कुणी विचारलंही नाही, कुणी सांगितलंही नाही. भलेपणावर सोडलेली गोष्ट नशिबावर सोडल्यासारखीच असते.

आता निदान कागदावर तरी तसं नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली, केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं 2018 मध्ये तिचा मसुदा पुढे आणला, त्यात सतरा हक्क होते. आणि महाराष्ट्रात सुश्रुषागृह, म्हणजे नर्सिंग होम, नोंदणीचा जो 1949 चा कायदा आहे त्याच्या नियमांत जानेवारी 2021 मध्ये बदल झाले. हॉस्पिटलनं दर्शनी भागात रुग्ण हक्कांची सनद लावायची, दरांचा फलक लावायचा. त्यात खाटेचे, अतिदक्षता विभागाचे, डॉक्टरांच्या भेटीचे, भूल देण्याचे, ऑपरेशन थिएटरचे, नर्सिंगचे, मॉनिटरचे, ऑक्सिजनचे दर लिहायचे. बिलासाठी रुग्णाला किंवा मृतदेहाला अडकवून ठेवायचं नाही. तक्रार ऐकायला स्थानिक पातळीवर कक्ष पाहिजे. हे सगळं मी पाठ केलं ते मामांच्या नंतर. तेव्हापासून कुठल्याही दवाखान्यात गेले की माझी नजर आधी भिंतीवर फिरते. आईला मोतिबिंदूसाठी नेलं तिथं सनद होती, छान लॅमिनेट केलेली, पाणी पिण्याच्या कूलरच्या मागे. वाचायला मला कूलर आणि भिंत यांच्यामध्ये मान घालावी लागली. एका ठिकाणी दरफलक होता, पण त्यातले आकडे नव्यानं छापून आणायचेत म्हणून वरून कागद चिकटवलेला. आणि एका छोट्याशा प्रसूतिगृहात, सांगलीतल्या जुन्या पेठेत, दाराशीच मोठ्या ठळक अक्षरांत सगळे दर लिहिलेले, खाली बाईंची सही. तिथं बाकावर बसलेल्या एका गरोदर मुलीची सासू बोट ठेवून तो फलक मोठ्यानं वाचत होती. मला फार बरं वाटलं ते बघून.

त्या दिवशी मी तपशीलवार बिल घेतलंच. काउंटरवरच्या मुलाशी भांडून काही होणार नाही हे कळल्यावर कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला. पेशंटचं नाव, नोंदणी क्रमांक, नोंदवार बिल आणि इनडोअर केस पेपरची, म्हणजे दाखल असतानाच्या उपचारांच्या नोंदींची, नक्कल हवी, आणि मागणी केल्याची पोच द्यावी. वैद्यकीय परिषदेचे 2002 चे नियम सांगतात की रुग्णानं किंवा त्याच्या माणसानं मागितलं की 72 तासांच्या आत कागदपत्रं द्यायची. पोच मागितल्यावर सूर बदलला. मॅनेजर आले, बसायला खुर्ची आली, आणि तासाभरात अकरा पानांचं बिल आलं. संध्याकाळपर्यंत लागणारा वेळ एकाएकी तासावर आला, हे मला आजही बोचतं.

मग मी आणि मामेभाऊ कँटीनच्या टेबलावर ते अकरा पानी बिल आणि केस पेपर शेजारी-शेजारी ठेवून बसलो. मला एका गोष्टीची फार कदर वाटली, नर्सेसनी भरलेल्या तक्त्याची. दर तासाला बीपी, नाडी, ऑक्सिजन, दिलेलं औषध, वेळ, सही. निळ्या शाईतली बारीक अक्षरं, कुठं घाईनं तिरकी झालेली, पण एक तास सुटलेला नाही. बिल कॉम्प्युटरनं छापलेलं आणि हा तक्ता माणसांनी जागून लिहिलेला. दोन्ही ताडून बघताना कळत गेलं. औषध हळूहळू सोडणारा सिरिंज पंप सीसीयूमध्ये, म्हणजे हृदयरोग्यांच्या अतिदक्षता विभागात, लावला होता, वॉर्डात आणताना काढला, तशी नोंदही तक्त्यात होती, पण बिलात वॉर्डाच्या दिवसांनाही पंपाचं भाडं. फार्मसीतून वर आलेल्या इंजेक्शनांपैकी काही वापरलीच गेली नव्हती, सिस्टरनं परत पाठवल्याची नोंद होती, बिलात मात्र ती वजा झालेली नव्हती. हातमोजे दिवसाला इतके की दोन हातांच्या माणसानं घालावे तरी किती. आहारतज्ज्ञाची भेट लावलेली, मामांना आहारतज्ज्ञ भेटल्याचं आठवत नव्हतं, तक्त्यातही नाही. एका फिजिशियनच्या भेटी रोज दोन, केस पेपरवर सह्या त्याच्या निम्म्या. आणि "इतर"मध्ये बायोमेडिकल कचरा, फाइलचे पैसे, आणि "प्रशासकीय" म्हणून एक रक्कम.

स्टेंट मात्र चोख होता. केस पेपरवर त्याचा स्टिकर चिकटवलेला, कंपनी, बॅच नंबर, सगळं, आणि बिलात त्याची किंमत वेगळी दाखवलेली. हे आपोआप झालेलं नाही. दिल्लीतल्या बीरेंदर सांगवान नावाच्या वकिलांना ओळखीच्या एका पेशंटच्या स्टेंटची किंमत बघून प्रश्न पडला, ते जनहित याचिका घेऊन दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि त्यातून पुढं फेब्रुवारी 2017 मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणानं स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषध लावलेला स्टेंट, जो तोवर लाखाच्या वर जायचा, तो 29,600 वर आला, साधा धातूचा 7,260 वर. हॉस्पिटलनं बिलात स्टेंटची किंमत, ब्रँड आणि बॅच वेगळी दाखवायची हेही त्यातलंच. पुढं या मर्यादेत थोडाफार बदल होत गेला, पण औषधाचा स्टेंट अजूनही 40 हजारांच्या आत आहे, कर वेगळा. कँटीनच्या त्या टेबलावर तो छोटासा स्टिकर बघताना मला कुण्या अनोळखी वकिलाचे आभार मानावेसे वाटले. एका माणसानं विचारलं म्हणून तासगावच्या एका शेतकऱ्याचे पैसे वाचले.

ज्या वस्तूंच्या किमतीला असं कुणी कुंपण घातलेलं नाही, तिथं काय होतं हेही त्याच प्राधिकरणानं 2018 मध्ये दाखवून दिलं. दिल्ली परिसरातल्या चार मोठ्या खासगी रुग्णालयांची बिलं तपासली तर औषधं, सुया, सिरिंज, नळ्या यांवरचा नफा 1,737 टक्क्यांपर्यंत गेलेला. छापील किंमतीपेक्षा जास्त न घेताही हे होऊ शकतं, कारण छापील किंमतच तेवढी चढवून छापलेली असते आणि हॉस्पिटलला माल मिळतो फार कमी भावात. हॉस्पिटलच्याच मेडिकलमधून औषध घ्या, हा आग्रह त्यासाठी असतो. बाहेरून आणण्याचा हक्क रुग्णाला आहे. मामेभावानं तिसऱ्या दिवशी एकच इंजेक्शन समोरच्या रस्त्यावरच्या दुकानातून आणलं, दुसऱ्या कंपनीचं, घटक तोच, किंमत निम्म्याहून कमी. सिस्टरनं डॉक्टरांना विचारलं, डॉक्टर "चालेल" म्हणाले आणि विषय संपला. विचारायला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

माझा एक चुलतभाऊ तालुक्याच्या गावी पंधरा खाटांचं हॉस्पिटल चालवतो. मी त्याला हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, तू म्हणतेस ते बरोबर आहे. पण ऐकून घे." रात्रपाळीला नर्स मिळत नाही, मिळाली की सहा महिन्यांत पुण्याला जाते, जनरेटरचं डिझेल, ऑक्सिजन, कर्जाचा हप्ता, आणि दर महिन्याला एखादा पेशंट असा की त्याच्याकडे खरंच काही नसतं, त्याचं सोडून द्यावं लागतं. डॉक्टरांवर आणि दवाखान्यांवर हल्ले होतात म्हणून महाराष्ट्रात 2010 ला कायदा करावा लागला, हेही त्यानं आठवण करून दिलं. त्याच्या हॉस्पिटलची काच एकदा फुटली आहे. मी त्या काचेचे तुकडे गोळा करताना वहिनीला पाहिलेलं आहे. म्हणून मला आवाज चढवणारे, टेबलावर हात आपटणारे नातेवाईक आवडत नाहीत. त्यांच्या रागात जो धाक असतो त्यानं बिल कमी होतं कधी कधी, पण पुढच्या गरीब, मवाळ माणसाच्या वाट्याला तो धाक येत नाही, आणि त्याचं बिल तसंच राहतं. भाऊ शेवटी म्हणाला, "मी तपशील देतो सगळ्यांना. दिला की भांडणं कमी होतात, हा माझा अनुभव आहे." मला त्याचं हे म्हणणं सगळ्यात मोलाचं वाटलं.

कोरोनात हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं होतं. मे 2020 मध्ये राज्य सरकारनं खासगी रुग्णालयांचे दर बांधून दिले. साध्या वॉर्डला दिवसाला 4 हजार, आयसीयूला साडेसात हजार, व्हेंटिलेटरसह 9 हजार. पुढं जून 2021 मध्ये शहरांच्या वर्गवारीप्रमाणे लहान गावांसाठी ते आणखी कमी केले. आणि दर बांधून न थांबता बिलं तपासायला सरकारी लेखापरीक्षक नेमले. पुण्यात दीड लाखाच्या वरची बिलं आधी तपासून घ्यायची असं ठरलं. आमच्या शेजारच्या एका बाईंचा नवरा दुसऱ्या लाटेत गेला. दागिने मोडून भरलेल्या पैशांची पावती तिनं पिशवीत जपून ठेवली होती. जन आरोग्य अभियान आणि एकल महिलांसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी अशा बायांची बिलं गोळा केली, तक्रारी लिहून दिल्या, दारोदार हिंडले. शेजारणीला काही रक्कम परत मिळाली, हॉस्पिटलनं चेक दिला. तो चेक घेताना तिला आनंद झाला नाही. ती म्हणाली, "ह्यांच्या नावाचं शेवटचं काम झालं." तिला समोर बसवून कुणीतरी ते बिल ओळीनं ओळ वाचलं होतं, तोवर त्या बिलाकडे कुणी वाचण्याची गोष्ट म्हणून पाहिलंच नव्हतं.

मला वाटतं सगळं इथंच अडतं. नियम आहेत, पण बिल वाचणारं माणूस नाही. ज्याला वाचता येतं तो त्या दिवशी दमलेला असतो, रात्री जागलेला, कधी रडलेला. आणि ज्याच्याकडे रेशनकार्ड आहे त्याला महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता 5 लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळू शकतात, स्टेंट बसवायची अँजिओप्लास्टी त्यात आहे, हेही त्या क्षणी सांगणारं कुणी नसतं. ज्या हॉस्पिटलांत योजना आहे तिथं रुग्णांना तिची माहिती देणारा आरोग्यमित्र बसतो. मामांना नेलं ते हॉस्पिटल योजनेत नव्हतं आणि रात्री कुणी चौकशी करायच्या मनःस्थितीत नव्हतं. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात, हे मुंबई उच्च न्यायालयानं 2006 साली मान्य केलेल्या योजनेत आहे, वर्षाला 1 लाख 80 हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर मोफत, 3 लाख 60 हजारांपर्यंत असेल तर सवलत. आमच्या गावातल्या किती घरांना हे लागू होतं याची मी नुसती कल्पना करते आणि मला राग येतो.

त्या संध्याकाळी मॅनेजरांनी पंपाचं जादा भाडं, परत गेलेली इंजेक्शनं, आहारतज्ज्ञ आणि "प्रशासकीय" एवढं कमी केलं. साडेअठरा हजार. त्यांनी ते शांतपणे केलं, चूक झाली असं म्हणाले, आणि मी त्यांचे मनापासून आभार मानले. फिजिशियनच्या भेटी आणि पॅकेजच्या वरचे पैसे यांबद्दल मात्र "ते डॉक्टरांना विचारून सांगतो" असं उत्तर मिळालं. उरलेले पैसे आम्ही भरले, पावतीवर "तक्रार राखून" असं लिहून. मामी गाडीत मागे बसली होती. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "साडेअठरा हजार म्हंजे एका एकराच्या औषध-फवारणीचं झालं की." आणि थोड्या वेळानं, "पण मला आवडलं न्हाई तू तसं बोललेलं." दोन्ही तिनं खरंच म्हटलं होतं. मी काही बोलले नाही, तिच्या हातावर हात ठेवला.

महिन्यानं फॉलोअपला गेलो. मामीच्या पोटात गोळा आला होता. तेच डॉक्टर, तीच खोली. त्यांनी मामांना शर्ट वर करायला सांगितलं, छाती तपासली, एको बघितला, एक गोळी कमी केली, बागेत चालायला सुरुवात करा म्हणाले, द्राक्षाचा बहर कसा आहे तेही विचारलं. बिलाचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही काढला नाही. बाहेर आल्यावर मामांनी मला ते अकरा पानांचं बिल मागितलं. घरी पोचल्यावर चष्मा लावून पेन्सिल घेऊन बसले. एकेक ओळ विचारत गेले. "मल्टिपॅरा म्हंजे ते टीव्हीसारखं व्हय? ते तर सगळ्यांच्याच डोक्याशी हुतं." "ह्या भेटीला कोण आला हुता? ह्या नावाचा डॉक्टर मी बघितलाबी न्हाई." जिथं खूण करायची तिथं केली. शेवटी म्हणाले, "तक्रार माझ्या नावानं कर. सही मी करतो."

ती तक्रार आता महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे दिली आहे, शहराच्या हद्दीतल्या हॉस्पिटलांची नोंदणी त्यांच्याकडे असते. शहराबाहेरचं असतं तर जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जावं लागलं असतं. सोबत अकरा पानं, केस पेपरची नक्कल, माझ्या अर्जाची पोच आणि मामांच्या पेन्सिलीच्या खुणांची झेरॉक्स जोडली आहे. हॉस्पिटलकडून खुलासा मागवलाय असं कळलं. तिथं काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्येच सांगितलंय, दोन वर्षांची मुदत आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही. मामेभाऊ म्हणतो, छाटणी आणि डिपिंग, म्हणजे द्राक्षाचे घड औषधात बुडवणं, उरकलं की आपण वकिलांना भेटून येऊ. मामी अजून नाराज आहे. पण परवा तिच्या माहेरच्या एका बाईचा फोन आला, नवरा मिरजेत ॲडमिट, बिल कसं बघायचं ते विचारत होती, आणि मामीनं तिला माझा नंबर दिला होता.